आठ सेमिस्टरचा बेवड

आमच्या अंथुर्ण्यात जून महिन्यात भर दुपारी सावली दक्षिणेला पडते. बारावीचा निकाल लागल्यावर एकदा जेवताना मी हे सहज बोलून गेले. सहज म्हणजे कसलं, चांगलं योजून, आप्पांचा म्हणजे माझ्या वडिलांचा मूड बघून. आई भाकरी थापत होती आणि आप्पा ताटावर बसले होते.

“सावली उत्तरंला पडती,” आप्पा मान वर न करता म्हणाले. “म्हशी काय उगाच गोठ्याच्या उत्तरंला जाऊन बसत्यात व्हय?”

“जूनमधी न्हाय. जूनमधी दुपारची सावली दक्षिणंला.”

“बारावी झाली न् सूर्य बी फिरवाय लागली,” आई म्हणाली.

मी तापट आहे, हे आमच्या घरात सगळ्यांना मान्य आहे, मलाही. एरवी मी ताट सरकवून उठले असते. पण त्या दिवशी मला भांडण नको होतं. मला आप्पांना उन्हात नेऊन उभं करायचं होतं, कारण त्या सावलीच्या आडून मला एक मागणं मांडायचं होतं.

सावलीचा नाद मला विहिरीपायी लागला. आठवीत असताना मे महिन्यात मी विहिरीत पोहायला उतरले होते. पाणी तळाला गेलेलं. एरवी दुपारी आमच्या विहिरीत ऊन एकाच अंगाला असतं, दुसरं अंग गार. त्या दुपारी मात्र ऊन सरळ पाण्यावर उतरलं होतं आणि पाण्याखालचा दगड न् दगड दिसत होता. काठाची सावली कुठल्याच भिंतीवर नव्हती. पुढच्या आठवड्यात पुन्हा गेले तर सावली परत आली होती, पण रोजच्या भिंतीवर नाही, तिच्या समोरच्या. आधी वाटलं, मीच दिशा विसरले. मग भूगोलाचं पुस्तक काढलं. त्यात कर्कवृत्त होतं, सूर्य तिथपर्यंत जातो हे होतं, आणि आपण कर्कवृत्ताच्या खाली राहतो हेही होतं. म्हणजे सूर्य आमच्या डोक्यावरून पलीकडे जाऊन जुलैच्या अखेरीला माघारी येत असला पाहिजे. हे सगळं मी परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते आणि तरी मला ते माहीत नव्हतं. याचा मला राग आला आणि गंमतही वाटली. पुस्तकातलं असं आणखी काय काय आपल्या विहिरीत घडत असेल, असा एक किडा तेव्हा डोक्यात शिरला तो अजून बाहेर पडलेला नाही.

तर दुसऱ्या दिवशी मी खळ्यात पहार रोवली. घराच्या बांधकामातून उरलेला गवंड्याचा ओळंबा आणून ती अगदी सरळ उभी केली. आमचा एक बांध बरोबर उत्तर-दक्षिण जातो, त्याच्या सरळीत चुन्याची रेघ ओढली. बारा वाजता आप्पा आले. सावली नैर्ऋत्येकडे झुकलेली, धड इकडे ना धड तिकडे.

“ही तर मावळतीकडं चालली,” आप्पा म्हणाले.

“थांबा की. आपली दुपार बाराला हुतच न्हाय. साडेबाराला हुती.”

“आता घड्याळ बी चुकीचं?”

मी सांगितलं की घड्याळ साऱ्या देशाला मिळून एकच आहे आणि ते पार तिकडच्या उत्तर प्रदेशातल्या उन्हावर लावलेलं आहे. आपण मावळतीच्या अंगाला राहतो, म्हणून सूर्य आपल्या माथ्यावर अर्धा तास उशिरा येतो.

“एष्टीगत,” आप्पा म्हणाले आणि बांधावर बसले.

नेमका तेव्हाच ढग आला. जूनचे ढग येतात पाऊस न देता आणि जातात आपल्या मर्जीने. मी आभाळाकडे बघून मनात काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. आप्पा मात्र उठून गेले नाहीत. ढग सरकला तेव्हा साडेबारा होऊन गेले होते, आणि पहारीची सावली, वीतभरही नसेल, चुन्याच्या रेघेवर दक्षिणेकडे तोंड करून पडली होती.

आप्पांनी पहारीभोवती एक चक्कर मारली. ओळंबा पुन्हा धरून पाहिला. बांधाच्या टोकाचा लिंब दक्षिणेला आहे की नाही, हे ज्या माणसाला जन्मापासून माहीत आहे, तो माणूस लिंबाकडे बघून खात्री करून घेत होता.

“ही कवापासून पडती हितं?”

“कायमच पडती.”

“मंग मला कशी दिसली न्हाय?”

“साडेबाराला तुमी जेवाय बसता.”

दारातून आई हसली. आप्पा हसले नाहीत. ते सावलीकडेच बघत होते आणि मग म्हणाले, “आन् परत उत्तरंला कवा वळती?” मला वाटतं, आप्पांनी मला विचारलेला तो पहिला प्रश्न, ज्याचं उत्तर त्यांना खरंच माहीत नव्हतं आणि हवं होतं. मी संधी साधली. म्हटलं, “आप्पा, मला हे शिकायचंय.”

आता ‘हे’ म्हणजे काय, ते सांगणं सावली दाखवण्याइतकं सोपं नव्हतं. पुण्यातल्या एका कॉलेजात चार वर्षांची पदवी होती. मुख्य विषय फिजिक्स, जोडीला खगोलशास्त्र, आणि शिवाय साहित्य, इतिहास, अर्थशास्त्र, एखादी कला, एखादी नवी भाषा, यातलं काही ना काही घ्यावंच लागायचं. प्रवेश परीक्षा मी देऊन आले होते, मुलाखतही झाली होती. मला जागा मिळाली होती. फक्त या सगळ्याला लिबरल आर्ट्स म्हणतात, हीच पंचाईत होती. आमच्या भागात आर्ट्सला कोण जातं, तर ज्याला सायन्सला मार्क कमी पडले तो. मी बारामतीला एसटीने रोज जाऊन-येऊन बारावी सायन्स केलं होतं आणि मार्क दणदणीत होते. पोरगी एवढे मार्क पाडून आर्ट्सला चालली, ही बातमी भवानीनगरच्या बाजारापर्यंत पोचायला वेळ लागणार नव्हता.

“म्हंजे सगळ्याची मिसळच की,” आई म्हणाली. ती बोलली ते फारसं चुकीचं नव्हतं, त्यामुळे मला जास्तच झोंबलं.

दादाचं मत ठरलेलं होतं. दादा माझा थोरला भाऊ, इंजिनीअर, पुण्यात कंपनीत आहे. त्याने फोनवर सांगितलं की इंजिनीअरिंगला टाका, तारे काय मोबाईलवर पण दिसतात. मी त्याला फोनवरच झाडलं. आप्पा दोघांचं ऐकून घेत होते आणि शेवटी त्यांनी निकाल दिला.

“माझी ना न्हाय. पण काय शिकणार, कवा शिकणार, एका मागं एक असंच का, हे मला समजाय पायजे. समजलं तर सही करतो. न्हाय समजलं तर न्हाय.”

सहीचा प्रश्न खरा होता. कॉलेज सुरू होण्याआधी प्रत्येकाने चार वर्षांचा, म्हणजे आठ सेमिस्टरचा, कच्चा आराखडा करून आणायचा होता. तो सल्लागार प्राध्यापकाला दाखवायचा, तो पसंत पडला की त्यावर त्यांची आणि पालकाची सही, आणि मग प्रवेश पक्का. आप्पा न समजता कशावरही सही करत नाहीत. साखर कारखान्याचा माणूस उसाच्या लागणीच्या नोंदीचा कागद घेऊन आला तरी आप्पा त्याला चहा पाजून कागद दोनदा वाचायला लावतात. म्हणजे माझं सगळं शिक्षण आता एका गोष्टीवर अडलं होतं: इलेक्ट्रोडायनॅमिक्स हा शब्द ज्यांनी आयुष्यात ऐकलेला नाही, अशा माणसाला माझा आराखडा समजला पाहिजे.

पहिला आराखडा मी एकटीने केला. खतवाल्याने दिलेल्या कॅलेंडरची जुनी पानं फाडून त्यांच्या पाठीवर आठ चौकोन आखले आणि त्यात मिळेल तितकं फिजिक्स कोंबलं. साहित्य-इतिहास सगळं शेवटच्या दोन चौकोनांत लोटून दिलं, नको असलेला पाहुणा ओसरीच्या टोकाला बसवावा तसं. मला त्या विषयांचा रागच होता. मला सूर्य कसा पेटतो ते शिकायचं होतं, अर्थशास्त्र कशाला?

आप्पांनी ते पान ओसरीवर पसरलं आणि एकेका चौकोनावर बोट ठेवून विचारायला सुरुवात केली. हे काय? मेकॅनिक्स, म्हणजे ढकललं की वस्तू कशी चालते. हे? थर्मोडायनॅमिक्स, म्हणजे उष्णता कुठून कुठे जाते. गुऱ्हाळात काहिलीतला रस आटतो तेव्हा जळणातली किती उष्णता रसात जाते आणि किती वाया जाते, ते. आप्पांनी मान डोलावली. “लय वाया जाती,” ते म्हणाले. हे? ऑप्टिक्स, उजेडाचं. हे? क्वांटम. इथे मी थबकले आणि म्हटलं, लय बारीक गोष्टींचं. कितपत बारीक? मी सांगितलं तर आप्पांनी चष्मा काढला आणि पुसला. त्यांना हसू येत होतं की भीती वाटत होती, मला कळलं नाही.

अख्खा जून आमचा हा उद्योग चालला होता आणि खोटं कशाला बोलू, मला त्यात फार मजा येत होती. आप्पांना समजेल असं सांगायचं म्हणून मी स्वतः आधी शोधत बसायचे, आणि शोधताना कळायचं की आपल्यालाही नुसतं नावच माहीत आहे. वस्तुमान म्हणजे काय, हे आप्पांना सांगताना मी तीनदा अडखळले. वजनच की, ते म्हणायचे. वजन न्हाय. मग काय? मग मी पुन्हा पुस्तक उघडायचे.

असं सगळं समजून घेतल्यावर एक दिवस आप्पांनी पूर्ण पानावरून हात फिरवला आणि म्हणाले, “ह्यात बेवड न्हाय.”

ज्यांच्या घरी ऊस नाही त्यांच्यासाठी सांगते. एका पिकाच्या आधी त्या रानात कोणतं पीक होतं, आणि त्याने जमीन कशी करून ठेवली, त्याला आमच्याकडे बेवड म्हणतात. हरभऱ्याचा बेवड उसाला चांगला. ताग करून तो रानात गाडला तर त्याहून चांगला. उसावर ऊस, त्यावर खोडवा म्हणजे तोडलेल्या उसाचा फुटवा, त्यावर परत ऊस असं करत राहिलं की जमीन मरते. आमचं खालचं रान आप्पांनी तरुणपणी तसंच केलं होतं, वर पाणीही भरमसाट पाजलं. आता ते चोपण झालंय, उन्हाळ्यात पांढरं मीठ फुलतं आणि गवतही धड येत नाही. त्या रानाकडे जाताना आप्पा अजूनही वेगळ्या वाटेने जातात.

“तू उसावर ऊस लावलाय समदीकडं,” आप्पा म्हणाले. “पयल्या हंगामात जड पीक, दुसऱ्यात बी जड, तिसऱ्यात बी. डोस्कं चोपण हुईल तुझं.”

मला ते इतकं पटलं की मी स्वतःच दुसरं पान घेऊन नवीन चौकोन आखले. पहिल्या सेमिस्टरला फिजिक्स आणि गणित. दुसऱ्याला दोन्ही बंद, फक्त साहित्य, इतिहास, चित्रकला. तिसऱ्याला पुन्हा फिजिक्स-गणित. चौथ्याला अर्थशास्त्र आणि जर्मन भाषा. असं एकाआड एक, आठही चौकोन. आप्पांनी खगोलशास्त्र पाचव्याला घ्यायला लावलं, कारण त्यांच्या मते तोवर जमीन तयार झालेली असेल. ज्या विषयांचा मला राग होता ते आता मला ताग आणि हरभरा वाटायला लागले आणि त्यांच्यावर मायाही आली. आप्पांनी ते पान हातात धरून आईला सगळं समजावून सांगितलं, आठही सेमिस्टर, कशाच्या आधी काय आणि का. मी बाजूला बसून ऐकत होते. आप्पा माझं शिक्षण सांगत होते आणि मला भरून आलं.

त्याच रविवारी दादाचा फोन आला. आप्पांनी उत्साहाने त्याला बेवडाचं सांगायला घेतलं. दादाने मध्येच तोडलं. “आप्पा, शिक्षण असं नसतं. जाऊ द्या, तुमाला न्हाय कळायचं.” तो चिडून नाही बोलला, दमलेला होता. आप्पा बरं म्हणाले, फोन माझ्या हातात दिला आणि म्हशीला वैरण टाकायला गेले. वैरण मी टाकून आले होते, तरी गेले.

जुलैच्या सुरुवातीला मी पुण्याला गेले. सल्लागार एक मॅडम होत्या, फिजिक्सच्याच. त्यांच्या टेबलावर कागदांचा ढीग आणि ढिगावर अर्धा खाल्लेला पेरू. त्यांनी माझा आराखडा, आता चांगल्या कागदावर उतरवलेला, शांतपणे वाचला. मग पुन्हा वाचला.

“दुसऱ्या सेमिस्टरला फिजिक्स का नाही?”

“बेवड,” मी म्हटलं.

“काय?”

मी सांगितलं. अगदी खालच्या रानासकट सांगितलं. मॅडमनी आधी सगळं ऐकून घेतलं आणि मग त्या हसल्या. वाईट नाही हसल्या, पण हसल्या. माझे कान तापले. माझ्यापेक्षा आप्पांचा अपमान झाला असं वाटलं आणि मी खुर्चीच्या कडेवर येऊन म्हटलं, “यात हसण्यासारखं काय आहे?”

मॅडमनी हसणं थांबवलं. “सॉरी,” त्या म्हणाल्या. “कल्पना सुंदर आहे. पण ती इथे चालणार नाही.” मग त्यांनी कागद घेतला आणि मला दाखवलं. विद्युत आणि चुंबकत्व शिकायचं तर व्हेक्टरचं गणित आधी हवं. ते शिकायचं तर त्याआधीचं कॅल्क्युलस हातात ताजं हवं. मध्ये सहा महिने गणित सोडलं की विद्यार्थी परत येतो तेव्हा त्याच्या हातात काही राहिलेलं नसतं, त्यांनी दरवर्षी पाहिलं होतं. जमीन पडीक ठेवली की सुधारते, गणित पडीक ठेवलं की निघून जातं. आणि दुसरं टोकही त्यांना मान्य नव्हतं. साहित्य, इतिहास वगैरे एकगठ्ठा एका सेमिस्टरला ढकलायचे नाहीत. फिजिक्सच्या शेजारी, त्याच आठवड्यात, दर सेमिस्टरला एखादा असलाच पाहिजे.

“का?” मी विचारलं.

“ते तिसऱ्या वर्षाला तू मला सांगशील,” त्या म्हणाल्या. हे उत्तर मला मुळीच आवडलं नाही, आणि तेही मी त्यांना सांगितलं. त्यांनी पेरूची एक फोड माझ्यापुढे सरकवली.

आम्ही दोघींनी नवा आराखडा केला. गणित सलग पाच सेमिस्टर. फिजिक्स प्रत्येक सेमिस्टरला. खगोलशास्त्राची ओळख पहिल्यालाच, कारण मॅडमच्या मते ज्या गोष्टीसाठी माणूस आलाय ती त्याला दोन वर्षं दाखवायचीच नाही हा छळ आहे. मॅडमनी सही केली. वडिलांच्या सहीची जागा कोरी होती.

परतीच्या एसटीत मला खिडकी मिळाली, तरी बाहेर लक्ष नव्हतं. आप्पांचा आराखडा गेला होता. आता जो हातात होता त्यातलं निम्मं मलाच समजलेलं नव्हतं, मग त्यांना काय सांगणार? व्हेक्टर कॅल्क्युलस पाचव्यात का आणि चौथ्यात का नाही, हे मॅडमनी सांगितलं म्हणून, यापलीकडे माझ्याकडे उत्तर नव्हतं. समजलं नाही तर सही नाही, हे ठरलेलं होतं. सोपा मार्ग होता. मॅडम म्हणाल्या असंच असतं, तुमाला न्हाय कळायचं, असं म्हणून मोकळं व्हायचं. बारामती स्टँडवर गाडी बदलताना हे वाक्य मी मनात बोलूनही पाहिलं.

आप्पा वरच्या रानात होते. ताग गाडून झाला होता आणि आडसाली, म्हणजे दीड वर्षाच्या उसाच्या, लागणीसाठी सऱ्या पाडायचं चाललं होतं. ट्रॅक्टरवाला चहाला गेलेला. मी बांधावर जाऊन त्यांच्याशेजारी बसले, कागद दिला आणि सांगितलं, “आपला बदलला.”

त्यांनी पान उलटसुलट पाहिलं. “बेवड कुठंय?”

“न्हाय चालत म्हणल्या. गणित मधी सोडलं की जातं.”

आप्पांनी एकेका चौकोनावरून बोट फिरवलं. “मंग आंतरपीक म्हणायचं का? उसाच्या सरीत कांदा?”

हो म्हणणं फार सोपं होतं. त्यांना समजलं असतं, सही झाली असती, आणि ते बऱ्यापैकी जुळतही होतं. पण मला ते खोटं वाटलं. “न्हाय आप्पा,” मी म्हटलं. “हे उसासारखं न्हायच.”

“मंग कशासारखं हाय?”

“मला ठावं न्हाय. मलाच अजून कळलं न्हाय.”

बोलून गेले. आता ते कागद परत देतील, असं वाटलं. आप्पांनी कागद मांडीवर ठेवला आणि सऱ्यांकडे बघत बोलायला लागले.

“तुझा दादा दर रविवारी फोन करतो. जेवलात का, इचारतो. मी बी जेवलास का इचारतो. म्होरं काय इचारावं ते मला सुधरत न्हाय. गुणाचं पोरगं हाय. पर त्याच्या कामातलं एक अक्षर मला ठावं न्हाय, मंग इचारू काय? फोन ठिवून देतो.” मग म्हणाले, “तुझ्याबाबतीत तसं व्हाय नगं म्हणून सगळं समजून घेत हुतो. सही काय, मी कवाबी केली आसती.”

महिनाभर मला वाटत होतं की आप्पा माझी परीक्षा घेतायत, आणि ते आपले चार वर्षांच्या फोनची तयारी करत होते. मला रडू आलं. मी ते लपवलं नाही, आप्पांनीही लिंबाकडे बघायचं नाटक केलं नाही.

मग नाक पुसून मी कागदावरच्या पहिल्या चौकोनावर बोट ठेवलं. “पयल्या महिन्यात मला हे इचारा. लिमिट कळलं का.”

“लिमिट,” आप्पा म्हणाले. “आन् न्हाय कळलं म्हणलीस तर?”

“तर कुठं आडलं ते इचारा.”

त्यांनी खिशातून पेन काढलं, कागद गुडघ्यावर धरला आणि सही केली. गुडघ्यावर केल्यामुळे ती वाकडी आली.

कॉलेज सुरू झाल्यावर पहिल्या रविवारी हॉस्टेलच्या जिन्यात बसून मी फोन उचलला. आप्पांनी जेवलीस का विचारलं, मी जेवले म्हटलं. मग ते म्हणाले, “लिमिट कळलं का?”

“न्हाय आप्पा.”

“कुठं आडलं?”

मी सांगायला सुरुवात केली. एखादी संख्या दुसरीच्या जवळ जात राहते, जात राहते, पण पोचत नाही, तरी ती कुठे चाललीय ते आपण सांगू शकतो, असं काहीतरी. पोचत न्हाय तर कशाला चालली, असं आप्पा म्हणाले, आणि मी त्यावर इतका वेळ बोलले की शेवटी मला स्वतःलाच थोडंसं कळायला लागलं. त्यांना किती कळलं, देव जाणे. मध्ये मध्ये “हां” म्हणत होते आणि फोन ठेवत नव्हते.

माझं बोलून संपलं. पलीकडे आई भांडी लावत असल्याचा आवाज येत होता. आप्पा घुटमळले आणि मग हळू आवाजात म्हणाले, “एक काम कर. दादा कंपनीत नेमकं काय करतो, ते त्याला इचारून मला सांग. मला त्याला बी काय तरी इचारायचं हाय.”

सांगते म्हटलं आणि फोन ठेवल्यावर जिन्यात तशीच बसून राहिले. सूर्य कुठल्या महिन्यात आमच्या विहिरीवर येतो, हे मला आठवीपासून माहीत होतं. माझा सख्खा भाऊ दिवसभर काय करतो, ते मला माहीत नव्हतं, कारण मीही त्याला कधी विचारलं नव्हतं. मी दादाला फोन लावला.